अपील कोर्ट पीडितेची साक्ष कशी वाचते?

वैनगंगा

गेली अकरा वर्षे मी कोर्टाच्या कागदांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. सेशन कोर्टाचा निकाल लागला आणि कुणी अपिलात गेले, की खटल्याचा सगळा गठ्ठा हायकोर्टात येतो. फिर्याद, पंचनामे, साक्षी, डॉक्टरांचे दाखले. त्यांचे पेपरबुक बांधले जाते आणि न्यायमूर्ती ते वाचतात. साक्ष दिलेली बाई त्यांच्यासमोर पुन्हा उभी राहत नाही.

मागे एका साक्षीत वाक्य आले, "मी काही बोलले नाही." माझ्या आधी कुणीतरी केलेल्या कच्च्या भाषांतरात त्याचे "आय डिड नॉट ऑब्जेक्ट" झाले होते. म्हणजे मी हरकत घेतली नाही. बाई असे म्हणालीच नव्हती. पुढच्याच ओळीत होते, "तोंडातून आवाज फुटेना." मी ते दुरुस्त केले, वरिष्ठांना दाखवले, त्यांनी लगेच मान्य केले. पण त्या रात्री झोप आली नाही. अकरा वर्षांत माझ्या हातून असे काय काय सुटले असेल, हेच डोक्यात फिरत राहिले. (खटल्याचा बाकी तपशील मुद्दाम देत नाही.)

ज्यांनी कधी साक्ष वाचलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. उलटतपासात वकील प्रश्न विचारतो, पण कागदावर बहुतेक वेळा प्रश्न उतरत नाही. प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य होते आणि ते बाईच्या तोंडी पडते. "असे म्हणणे खरे नाही की, मी स्वतःहून त्याच्यासोबत गेले." "असे म्हणणे खरे आहे की, रस्त्यात दोन दुकाने उघडी होती." ती बाई आयुष्यात अशी बोललेली नसते. वकील ओरडून बोलला की हळू, ती किती वेळ थांबून "हो" म्हणाली, यातले काही उरत नाही. एखादे न्यायाधीश कंसात लिहून ठेवतात, "साक्षीदार रडत आहे, पाणी दिले." साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याबद्दल असे शेरे नोंदवण्याची तरतूद कायद्यातच आहे. पण असा कंस मला शंभर साक्षींत मोजक्याच वेळा भेटतो.

आणि एक वाक्य तर प्रत्येक साक्षीत असतेच. "मी पोलिसांना तसे सांगितले होते. ते माझ्या जबाबात का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." या एका वाक्यावर अपिले फिरतात.

मी मूळची वडसा-देसाईगंजची. आमच्या गावाचे नाव देशभरातल्या लॉ कॉलेजांत शिकवले जाते, आणि ते कशासाठी हे मला नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची, अनाथ, भावाकडे राहणारी. तेव्हा आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो. भावाच्याच तक्रारीवरून तिला जबाबासाठी ठाण्यात आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले, तिला आत थांबवले. नातेवाईक बाहेर उभे होते.

१ जून १९७४ ला सेशन कोर्टाने दोघांनाही सोडले. मुलगी धडधडीत खोटे बोलते, शरीरसंबंध आला असला तरी तो बळजबरीचा नव्हता, असे म्हणून. १२ ऑक्टोबर १९७६ ला नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे हायकोर्टाने लिहिले. तक्रारीच्या कामासाठी ठाण्यात आलेली मुलगी अनोळखी पोलिसाला आपणहून कशाला जवळ करील, हेही विचारले. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला विनयभंगासाठी एक वर्ष. १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टाने दोघांनाही पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला ही गोष्टच खोटी, आणि जे घडले ते 'शांतपणे' घडले, असा त्या निकालाचा सूर होता.

कागद तेच होते. मुलीची साक्ष तीच. साक्ष देताना तिला पाहिले होते फक्त पहिल्या न्यायाधीशांनी, आणि तिला खोटारडी ठरवले तेही त्यांनीच. ज्यांनी तिला कधी पाहिले नाही त्या नागपूरच्या न्यायमूर्तींना तिची भीती कागदातून दिसली. दिल्लीत तोच कागद वाचून ती दिसली नाही.

मला इथे त्या निकालावर राग काढायचा नाही, तो पंचेचाळीस वर्षांत पुष्कळांनी काढला आहे. मला समजून घ्यायचे आहे की वरचे कोर्ट कागदातून माणूस वाचते कसे. इथे वकील, डॉक्टर, कोर्टात काम केलेले लोक आहेत. लिहा.

चाफा

वाचून सुन्न झाले. अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. हायकोर्टाला शंका आली तर ते त्या बाईला बोलावून विचारू शकत नाही का?

वैनगंगा

@चाफा, जादा पुरावा घेण्याचा अधिकार आहे, पण क्वचित वापरला जातो. आणि तिला तेच सगळे आणखी एकदा सांगायला लावायचे का, हाही प्रश्न उरतोच.

सुटकेविरुद्धचे अपील आणि शिक्षेविरुद्धचे अपील यांत फरक आहे, तो आधी समजून घ्यायला हवा. शिक्षा झालेला आरोपी अपिलात आला तर हायकोर्ट सगळा पुरावा नव्याने तपासते. आरोपी सुटला असेल आणि सरकार किंवा पीडिता अपिलात आली असेल, तरी पुरावा नव्याने तपासता येतो, पण हात जरा आखडता ठेवावा लागतो. १९३४ साली प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी राजवटीत लंडनमधले शेवटचे अपील कोर्ट) शिवस्वरूप खटल्यात हे घालून दिले. साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहणाऱ्या न्यायाधीशाच्या मताला वजन द्या, आरोपी निर्दोष असल्याचे गृहीतक विसरू नका, संशयाचा फायदा त्याचा आहे हे लक्षात ठेवा. २००७ मध्ये चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने ते मुद्देसूद मांडले. सुटलेल्या आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचे गृहीतक दुहेरी होते, आणि त्याच पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर वरच्या कोर्टाने खालचा निष्कर्ष बदलू नये.

आता देसाईगंजकडे पाहा. "प्रत्यक्ष पाहणाऱ्याला जास्त कळते" हे खरे धरले, तर तिथे ज्याने पाहिले त्याच्याच निकालात तिच्याविषयीचा पूर्वग्रह सर्वात जास्त होता.

कोरा कोट

मी सतरा वर्षे फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. धागा प्रामाणिक आहे म्हणून मीही प्रामाणिकपणे लिहितो.

वैनगंगाताई, "जबाबात का लिहिले नाही याचे कारण सांगू शकत नाही" हे वाक्य आम्ही साक्षीत आणतो, कारण आरोपीकडे दुसरे असते काय? घटना चार भिंतींआड झालेली. तिसरा साक्षीदार नाही. एकीकडे तिचा शब्द, दुसरीकडे त्याचा, आणि तो बहुधा पिंजऱ्यात साक्ष द्यायला उभाच राहत नाही. तिने पोलिसांना पहिल्या दिवशी काय सांगितले, दंडाधिकाऱ्यांपुढे काय सांगितले आणि कोर्टात काय सांगितले हे तीन कागद शेजारी ठेवणे एवढेच एक हत्यार आमच्या हाती असते. ते काढून घेतले तर बचाव नावाची गोष्ट राहत नाही.

२००८ साली राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सुप्रीम कोर्टानेच म्हटले की, पीडितेच्या साक्षीला मोठे महत्त्व आहे, पण ती प्रत्येक वेळी ब्रह्मवाक्य म्हणून धरता येणार नाही, खोट्या आरोपाने आरोपीचीही तितकीच अप्रतिष्ठा होते. २०१२ च्या राय संदीप निकालात 'स्टर्लिंग विटनेस' ही कसोटी आली. साक्ष पहिल्या जबाबापासून शेवटपर्यंत सुसंगत हवी, उलटतपासात टिकणारी हवी, बाकीच्या पुराव्याशी जुळणारी हवी. तशी असेल तर तिच्या एकटीच्या साक्षीवर शिक्षा द्या, कोण अडवतो?

माझा एक अशील साडेचार वर्षे आत होता. अपिलात सुटला. बाहेर आला तेव्हा आई गेलेली होती. अशा माणसांचेही कागदच असतात, ताई.

वैनगंगा

@कोरा कोट, तुमच्या अशिलाबद्दल वाचून वाईट वाटले, मनापासून. बचावाचे हत्यार काढून घ्यावे असे मी म्हणत नाही. ते कुठे लागते आणि कुठे लागू नये, एवढेच म्हणते.

विसंगती दोन तऱ्हेच्या असतात. "त्याने केले" असे एकदा आणि "दुसऱ्याने केले" असे नंतर, ही मुळावरची. "त्याने आधी हात धरला की दार लावले" ही दुसरी. पोलिसांच्या जबाबात वगळलेली गोष्ट विसंगती ठरायची तर ती महत्त्वाची हवी, असे कायद्याच्या स्पष्टीकरणातच आहे. कागदावर मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींखाली तेच वाक्य असते.

पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग, १९९६. दहावीच्या परीक्षेला गेलेली मुलगी, घटना १९८४ ची, लुधियानाच्या विशेष न्यायालयाने १९८५ ला आरोपींना सोडले होते. का? ज्या गाडीतून नेले ती कोणत्या कंपनीची हे तिला सांगता आले नाही. वाटेत बसथांब्याजवळ ती ओरडली नाही. परत आल्यावर मैत्रिणींना किंवा शिक्षिकेला सांगितले नाही, आधी आईला सांगितले. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती आनंद यांनी ही कारणे एकेक करून खोडून काढली. खेड्यातल्या मुलीला फियाट आणि अॅम्बेसेडर यातला फरक कळलाच पाहिजे का? तपास अधिकाऱ्याने कामात कसूर केली तर त्याचा डाग मुलीच्या साक्षीवर का? सुटकेनंतर जवळजवळ अकरा वर्षांनी शिक्षा झाली.

त्याआधी १९८३ मध्ये भरवाडा भोगिनभाई निकालात न्यायमूर्ती ठक्कर यांनी लिहिले होते की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप चालत नसते, फोटोसारखी स्मृती कुणाकडे नसते. पीडितेच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच असा हट्ट धरणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, हेही त्याच निकालात येते. आणि १९९० चा निकाल तर आपल्याकडचाच, महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रप्रकाश केवलचंद जैन. आरोपी नागपुरातला फौजदार. न्यायमूर्ती अहमदी यांनी स्पष्ट केले की पीडिता ही गुन्ह्यातली साथीदार नव्हे, तिला जखमी साक्षीदाराच्या तोडीची मानायला हवे. ही गोष्ट १९९० साली सांगावी लागली! त्याआधी, १९५२ च्या रामेश्वर निकालापासून, 'जोड पुरावा हा कायदा नाही, पण सावधगिरी म्हणून न्यायाधीशाच्या मनात असावा' असे सूत्र चालत होते, आणि ती सावधगिरी प्रत्यक्षात नियमासारखीच वापरली जात होती.

भरवाडा निकालाबद्दल एक सांगायलाच हवे, कारण तो सगळे कौतुकाने उद्धृत करतात. त्यातला एक युक्तिवाद असा की, भारतीय स्त्री अब्रूला इतकी जपते की ती असा खोटा आरोप करणार नाही. मला हे वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हायला होते. आज हा युक्तिवाद तिच्या बाजूने आहे. उद्या जी बाई एकटी राहते, रात्री उशिरा घरी येते, जिचा घटस्फोट झाला आहे, तिला अब्रूची चाड कमी म्हणून तिच्या शब्दाचे वजनही कमी होणार का? तिची साक्ष साक्ष म्हणून तपासा, अब्रूचे वजन घालून नको.

स्टर्लिंग कसोटीविषयी माझी अडचण अशी की ती कल्पनेतल्या साक्षीदाराला शोभते. पहिल्या दिवशी ठाण्यात, समोर अनोळखी माणसे, डोक्यात घरचे काय म्हणतील, तेव्हा सांगितलेले आणि तीन वर्षांनी कोर्टात सांगितलेले शब्दाला शब्द जुळले, तर मला उलट पढवल्याची शंका येते.

कोरा कोट

शेवटच्या मुद्द्यावर सहमत. अगदी गुळगुळीत साक्ष आली की आम्हीही पढवल्याचाच मुद्दा घेतो. म्हणजे तिची दोन्हीकडून पंचाईत होते, हे मला मान्य आहे.

पण लग्नाच्या वचनाचे खटले वेगळे काढा. तिथे वाद शरीरसंबंध आला की नाही असा नसतो, संमती फसवून घेतली का असा असतो. प्रमोद सूर्यभान पवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१९: वचन देतानाच ते मोडायचा हेतू असणे आणि नंतर लग्न न होणे, या दोन गोष्टी वेगळ्या. तिथे तिची साक्ष शंभर टक्के खरी मानूनही आरोपी सुटू शकतो. लोक याला "कोर्टाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही" म्हणतात. तसे ते नसते.

वैनगंगा

हो, बरोबर. तो वेगळा विषय आहे, इथे नको वाढवूया.

डॉ. शमी

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात बरीच वर्षे होते. अशा तपासण्या केल्या आहेत आणि साक्षीला उभीही राहिले आहे.

"जखम नाही" हे वाक्य आम्ही लिहितो तेव्हा त्याचा अर्थ फक्त एवढाच असतो की तपासणीच्या वेळी जखम दिसली नाही. भीतीने अंग ताठरते, माणूस जागच्या जागी थिजतो. धमकी असेल तर झटापट होतच नाही. तीन दिवसांनी आणले तर ओरखडे भरून आलेले असतात. पण आमचा तो शब्द निकालात पोहोचेपर्यंत "जखम नाही, म्हणजे विरोध नाही, म्हणजे संमती" असा पायऱ्या उतरत जातो. २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्ट झाले की नुसता शारीरिक विरोध केला नाही म्हणून संमती होती असे धरता येणार नाही. मी कामाला लागले तेव्हा हे कुठे लिहिलेले नव्हते. मी स्वतः त्या काळात जुना फॉर्म भरला आहे, ज्यात 'सवय', म्हणजे शरीरसंबंधांची सवय, असा रकाना होता. आज आठवले की लाज वाटते.

ही 'सवय' ठरवायला योनिमार्गात बोटे घालून करायच्या दोन बोटांच्या चाचणीबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या लिल्लू निकालात ती स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. तरी ती थांबली नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ ला झारखंड राज्य विरुद्ध शैलेंद्र कुमार राय या निकालात, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे लिहावे लागले. तो निकाल या धाग्याशी आणखी एका अर्थाने जोडलेला आहे. ती मुलगी जगली नव्हती. तिचा मृत्यूपूर्व जबाब होता. सेशन कोर्टाने शिक्षा दिली, हायकोर्टाने सोडले, सुप्रीम कोर्टाने तो जबाब मानून शिक्षा कायम केली. तिथे तर कुणालाच तिला पुन्हा विचारता येणार नव्हते. तिच्या बाजूने बोलायला फक्त कागद होता.

चाफा

डॉक्टर, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल तुमचे आभार मानते.

बार्शीलाईट

जानेवारी २०२१ मधले नागपूर खंडपीठाचे निकाल गाजले होते, 'स्किन टू स्किन' वगैरे. तोही साक्षीवर अविश्वासाचाच प्रकार ना?

वैनगंगा

नाही, त्यात मुलीच्या साक्षीवर अविश्वास नव्हता. झाले ते मान्य करून, कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोतल्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसतो का असा प्रश्न होता. सुप्रीम कोर्टाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला.

या धाग्याचा विषय त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका निकालात आहे. यवतमाळकडचे प्रकरण, आरोपीला शिक्षा झालेली. मुलगी अठरा वर्षांखालील होती हे हायकोर्टाच्या मते सिद्ध झाले नाही. आणि मग असे की, एकट्या पुरुषाने तिचे तोंड दाबून, तिचे आणि स्वतःचे कपडे काढून, झटापट न होता असे करणे अशक्य वाटते. आरोपी सुटला. वयाच्या पुराव्याबद्दल कोर्टाचे बरोबर असेलही, त्यात मी शिरत नाही. पण "झटापट का नाही" हा प्रश्न वाचला आणि मला वाटले मी १९७८ मध्येच आहे. मधे कायदा किती बदलला! आमच्या देसाईगंजच्या निकालानंतर १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मोर्चे निघाले, १९८३ ला पुरावा कायद्यात ११४-अ कलम आले. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने "माझी संमती नव्हती" असे साक्षीत सांगितले, तर कोर्टाने संमती नव्हती असेच धरायचे. आज ते पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या साक्ष अधिनियमाच्या १२० व्या कलमात आहे. पीडितेच्या 'चारित्र्यावर' हल्ला करायला मुभा देणारे पोटकलमही २००३ च्या दुरुस्ती कायद्याने गेले.

कलमे बदलली. वाचणाऱ्याच्या डोक्यातली 'खरी पीडिता कशी वागते' ही प्रतिमा कलमाने बदलत नाही. मार्च २०२१ च्या अपर्णा भट निकालात सुप्रीम कोर्टानेच न्यायाधीशांना अशा साचेबद्ध समजुतींपासून दूर राहायला सांगितले, आणि २०२३ मध्ये त्यावर एक मार्गदर्शिकाही काढली. अजून सांगावे लागते, याचा अर्थ अजून घडते.

मांडवीकाठ

गोव्याहून. म्हापशाच्या कोर्टाचा २१ मे २०२१ चा निकाल आठवत असेल, एका नामवंत संपादकाची निर्दोष मुक्तता. पाचशे सत्तावीस पानी निकाल. आरोपी सुटला यावर मी बोलणार नाही, सरकार अपिलात गेले. पण त्यातली पानेच्या पाने तक्रारदार घटनेनंतर कशी वागली, फोटोत कशी दिसते, कुणाला काय मेसेज केले यावर होती. मी तेव्हा नोकरी करणारी पंचवीस वर्षांची मुलगी होते. वाचताना सतत वाटायचे, माझ्या बाबतीत काही झाले तर माझे कुठले फोटो कोण काढेल? दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले असते, हसलेही असते. आमच्याकडच्या सगळ्या मुलींनी हेच केले असते.

लेस्टरकर

इंग्लंडमध्ये सॉलिसिटरच्या कार्यालयात काम करतो, म्हणून तुलनेसाठी लिहितो. इथे ज्यूरीने सोडले की सरकारला साधारणपणे अपील नाही. २००३ च्या कायद्याने नवा आणि ठोस पुरावा मिळाल्यास बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्यांत पुन्हा खटल्याची वाट ठेवली, पण ती अरुंद आहे. त्यामुळे तुमच्याकडे हायकोर्ट सुटकेचा निकाल फिरवते तसे इथे दिसत नाही. पीडितेच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा देणे धोक्याचे आहे, अशी सूचना न्यायाधीशाने ज्यूरीला देण्याची सक्ती इथे १९९४ मध्ये रद्द झाली. म्हणजे इथेही फार जुनी गोष्ट नाही. दुसरे म्हणजे, लहान मुलांचा आणि काही पीडितांचा उलटतपास खटल्याआधीच व्हिडिओवर नोंदवून ठेवण्याची सोय इथे आहे.

वैनगंगा

@लेस्टरकर, व्हिडिओचा मुद्दा तुम्ही आणलात ते बरे झाले, मला हेच सुचवायचे होते. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे फौजदारी खटले चालवण्याचा नवा कायदा म्हणून जी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या २५४ व्या कलमात सेशन खटल्यातली साक्ष दृक्‌श्राव्य पद्धतीने नोंदवता येईल असे म्हटले आहे. "येईल", सक्ती नाही. ती नोंद पेपरबुकासोबत हायकोर्टात गेली तर "मी काही बोलले नाही" हे वाक्य न्यायमूर्ती तिच्या तोंडून ऐकतील, माझ्या इंग्रजीतून नाही. मला माझ्या कामापेक्षा ते जास्त भरवशाचे वाटते.

कोरा कोट

कल्पना चांगली आहे, आणि बचावालाही हवी. पण जपून. व्हिडिओत बाई रडली नाही, शांत बोलली, नजर चुकवली, की त्यावरूनही निष्कर्ष निघतील. तुमच्या पहिल्या लेखातच त्या मुलीला पाहूनही एका न्यायाधीशाने खोटारडी म्हटले होते ना?

डॉ. शमी

अगदी बरोबर. मी तपासणीच्या खोलीत हसणाऱ्या मुली पाहिल्या आहेत. नर्सशी चहाबद्दल गप्पा मारणाऱ्या. धक्क्यात माणूस तसाही वागतो.

वैनगंगा

हो. हे मी पुरेसे धरले नव्हते. व्हिडिओ असला तरी "शांत होती" याचा अर्थ लावणारा माणूसच असणार. तरीही निदान तिचा आवाज, प्रश्न आणि मधली शांतता तिथे असेल. आज तेही नाही.

मृद्गंध

पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल माफ करा. माझ्या मामेबहिणीच्या खटल्याचा निकाल तीन आठवड्यांपूर्वी लागला. आरोपी सुटला. नात्यातलाच आहे, त्यामुळे घरात दोन तट पडलेत. निकाल पूर्ण हाती नाही, पण तिच्या वकिलांनी सांगितले की तक्रार अकरा दिवस उशिरा केली आणि जबाबात व कोर्टातल्या बोलण्यात फरक पडला, ही कारणे आहेत. ते म्हणाले सरकार अपील करील की नाही सांगता येत नाही, आपल्या हातात काही नाही. ती आता जेवत नाही नीट. खरेच आपल्या हातात काही नाही का?

कोरा कोट

आहे. नीट वाचा. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडितेला स्वतः अपील करता येते: आरोपी सुटला, कमी गुन्ह्यासाठी दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर. आता ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१३ व्या कलमात आहे. सरकारची वाट पाहायची गरज नाही. सरकारला सुटकेविरुद्ध अपील दाखल करायला हायकोर्टाची परवानगी लागते, पीडितेला ती लागत नाही. मल्लिकार्जुन कोडगली निकाल, २०१८.

उशिराची तक्रार हे एकटे कारण टिकणारे नाही. गुरमित सिंग निकालातच आहे की अशा गुन्ह्यात घरचे लोक इज्जतीचा विचार करून थांबतात, त्याचे सयुक्तिक स्पष्टीकरण असेल तर उशीर मारक नाही. आरोपी नात्यातला असेल तर अकरा दिवस का लागले हे सांगणे तर आणखीच सोपे. विसंगती कोणत्या आहेत ते निकाल वाचल्याशिवाय मी बोलणार नाही, तुम्हीही कुणाचे ऐकू नका.

आधी निकालाची आणि तिच्या साक्षीची सही-शिक्क्याची नक्कल काढा. नक्कल विभागात अर्ज द्यायचा. उशीर करू नका.

वैनगंगा

@मृद्गंध, वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोर्टाच्या आवारातच कार्यालय असते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसे आहे.

नक्कल आली की तिची मराठी साक्ष आणि इंग्रजी नोंद दोन्ही मिळतात का पाहा. दोन्ही असतील तर शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. जिथे तिचे शब्द वेगळे आणि इंग्रजी वेगळे वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ते वकिलाला दाखवा. शक्य असेल तर तिच्यासोबत बसून वाचू नका, आधी तुम्ही वाचा. मला व्यक्तिगत निरोप पाठवलात तर नावे झाकून मीही ताडून देईन. आणि हायकोर्ट सगळा पुरावा पुन्हा पाहू शकते, हे तिला सांगा, पण निकाल फिरेलच असे सांगू नका. राजस्थानातल्या भवरीदेवींच्या सामूहिक बलात्काराच्या खटल्यात १९९५ मध्ये आरोपी सुटले आणि राजस्थान हायकोर्टातले अपील वर्षानुवर्षे पडून राहिले. तिला वेळ लागेल हे माहीत असू द्या.

चाफा

मृद्गंध, बहिणीजवळ कुणी आहे ना दिवसभर?

मृद्गंध

हो, माझी आई तिच्याकडे राहायला गेलीय.

सगळ्यांचे आभार. काल तिला एवढेच सांगितले की अपील आपल्याला करता येते. तिने विचारले, पुन्हा उभे राहून सांगावे लागेल का. मी म्हटले नाही, तू सांगितलेले आहे तेच वाचतील. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी सांगितले तसे त्यांनी लिहिले असेल ना?

आज सकाळी नक्कल विभागात अर्ज दिला. सोमवारी या म्हणालेत.